खंयचो पक्षी ता सांग

मी पक्षी आहे हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. कोणता, ते मात्र केस पांढरे व्हायला लागले तरी कळत नव्हतं. त्याने रोजचं काही अडत होतं असं नाही. भात शिजवताना, गुरांना पाणी दाखवताना, रेशनच्या रांगेत उभं राहताना कोणी विचारत नाही. माणसाची जात सगळे विचारतात, पक्ष्याची कोणी विचारत नाही.

हे मी कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पोटात ठेवून ठेवून फुगायला झालं, म्हणून लिहिते. चौथीपर्यंत शिकले. पुढे धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात कोणी तरी हवं होतं आणि मी घरातच असायचे.

माझं माहेर मिठबावचं. उन्हाळ्यात खळ्यात सोलं, काजू, सुके बांगडे वाळत घातलेले असत आणि त्यांची राखण माझ्याकडे. ज्या पोरीच्या तोंडातून शब्द निघत नाही तिला पाखरं हाकलायला बसवायचं, ही आमच्या घरची अक्कल. कावळा आला की मी सरकून त्याला जागा द्यायचे. घार वर फिरायला लागली की मान वर करून बसायचे, तोवर मांजर बांगडा घेऊन जायचं. आई काठी घेऊन यायची. "राखणीक बसलस काय पंगतीक वाढूक?" म्हणायची. ती काठी पाखरांसाठी होती, पण माझ्याच पाठीवर पडायची, आणि मला मनातून ते बरोबरच वाटायचं.

पाठीचं आणखी एक सांगते. खांद्याच्या हाडांखाली मला नेहमी काही तरी दुमडून ठेवल्यासारखं वाटतं. घडी घातलेल्या घोंगडीसारखं. अनोळखी माणूस दारात आला की ती घडी उघडायला बघते. उघडायला तिथे काही नसतं, म्हणून मी पडवीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून मागच्या दारी जाते, ते पाहुणा चहा पिऊन गेल्यावरच परत येते. घाबरले की कमरेखाली, शेवटच्या मणक्यापाशी, एक झटका बसतो. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच विचारलं होतं, "गो, कंबर कित्याक उडवतस? वाडीतले बघतत मां." लोक म्हणतात, लाजाळू आहे. मी लाजत नव्हते. मी उडायला बघत होते आणि जमत नव्हतं.

त्याला शब्द आहे हे मला पुतणीकडून कळलं. दिराची मुलगी, कुडाळला कॉलेजात आहे. सुट्टीला आली की माझ्याबरोबर चुलीपुढे बसते. मी बोलत नाही, त्यामुळे तिला बोलायला भरपूर जागा मिळते. एकदा तिने मोबाईलवर दाखवलं. परदेशातली मुलं शेपट्या लावून, तोंडाला मांजराचे मुखवटे बांधून गवतात चार पायांवर उड्या मारत होती.

"ही थेरियन गो, काकी," ती म्हणाली. "कोण आतून लांडगो आसता, कोण मांजर. येडी नाय हां. आपण माणूस आसव ता तेंका म्हायत आसा. पण आतून ती तशी आसत."

मी तांदूळ पाखडत होते. सूप हातात तसंच राहिलं.

"पक्षी पण आसतत?" मी विचारलं.

पुतणी माझ्याकडे बघतच राहिली. मी आपणहून तिला कधी काही विचारलं नव्हतं. मग तिने सूप बाजूला ठेवलं, माझा हात धरला आणि म्हणाली, "काकी, तू?"

मी मान हलवली. ती हसली नाही. तेवढ्यासाठी मी तिला जन्मभर घावणे करून घालीन.

तिने लगेच मोबाईलवर एक परीक्षा काढली. उत्तरं द्यायची आणि शेवटी तो सांगणार तुम्ही कोणता पक्षी. पहिला प्रश्न होता, पार्टीला गेल्यावर तुम्ही काय करता. मी म्हटलं, मागच्या दारी जाते. तसं उत्तर त्यात नव्हतं. तिने 'मित्रांबरोबर शांत बसते' असं काही तरी दाबलं. शेवटी मी पेंग्विन निघाले.

"ता खंय रवता?"

"बर्फात."

"माका फ्रीजमधला पाणी पिलंय तरी घसो बसता," मी म्हटलं, आणि मोबाईलची परीक्षा तिथेच संपली.

नवऱ्याला सांगणं भाग होतं. त्याची रिक्षा आहे, सकाळी तो ती पुसत असतो, तेव्हा त्याच्या हातात फडकं असतं आणि तो माझ्याकडे बघत नाही. बोलायला ती वेळ चांगली. मी चहा घेऊन गेले आणि कप सीटवर ठेवता ठेवता म्हटलं, "मी पक्षी आसंय."

"खंयचो?" त्याने विचारलं. गिऱ्हाईक कोणत्या वाडीचं आहे ते विचारावं तसं.

मला वाटलं होतं तो हसेल, नाही तर डॉक्टरकडे नेईल. कोणता ते विचारेल असं वाटलं नव्हतं.

"म्हायत नाय."

"शोधून ठेव," तो काच पुसत म्हणाला. "खंयचो पक्षी ता सांग. कोंबी आसलस तर आधीच सांग गो बाय. आयतवार जवळ इलोहा."

तेव्हापासून मी शोधायला लागले.

मला हवा होता तो गरुड. खाडीच्या तोंडाशी सुरूच्या झाडावर समुद्री गरुडाची जोडी आहे. पांढरं पोट, राखाडी पंख, पाण्यातून साप उचलून नेतो तेव्हा चोचीपासून नखापर्यंत रुबाब. मी सरपण आणायच्या निमित्ताने तिथे जाऊन बसायचे. घरी येऊन, उंची सोसते का बघायला माळ्यावर चढायला गेले. शिडीच्या अर्ध्यात चक्कर आली आणि पुतणीने पाय धरून खाली उतरवलं. शिवाय मला कच्चा साप नको.

कावळ्याचा विचार केला, कारण तो लहानपणापासूनचा. पण कावळ्याला बोलायला फार लागतं. वर कोणी मेलं की पिंडाला हजर राहायचं, सगळं घर तुमच्याकडे टक लावून बसलेलं, तुम्ही शिवता की नाही म्हणून. एवढी माणसं माझ्याकडे बघायला लागली तर मीच मरेन आणि मग माझ्या पिंडाला दुसरा कावळा शोधावा लागेल.

खंड्याचा रंग पाहून सोडून दिला. रोज लग्नाची साडी नेसून मासे पकडायला बसलेला वाटतो.

धनेशाजवळ मात्र मी बराच काळ अडकले. आमच्या काजूच्या बागेच्या वर जुना उंबर आहे, त्यावर ते येतात. त्यांची मादी अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून बंद करून घेते. फक्त चोच मावेल एवढी फट. नर बाहेरून फळं आणून भरवतो. महिनोन्‌महिने कोणाला तोंड दाखवायचं नाही, कोणी घरात येणार नाही, जेवण फटीतून. मी हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला असावा, कारण त्याने वळून बघितलं.

"मगे मी रिक्षा चलवू काय उंबरां घेवन फटीत तोंड घालू?"

"थोडेच दिवस."

"फट केवढी ठेवतलस? चपाती जायत?"

मला वाटलं, झालं, सापडलं. पण पुतणीने ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "काकी, तुका काय आवडता ता नको बघू. तू काय आसस ता बघ. तुका लपूचा आसा म्हणान तू धनेश होणस नाय." मी रात्रभर रागावले आणि सकाळी पटलं. धनेश उडतो तेव्हा पंखांचा आवाज मोटार आल्यासारखा येतो. माझी पाठ त्याला कधीच काही बोलली नव्हती. गरुडालाही नाही. मी नुसती चांगली स्थळं बघत फिरत होते.

आमच्या मोरीच्या मागे अळू आणि केळी आहेत, न्हाणीचं पाणी तिथे जातं. त्यात एक पाणकोंबडी राहते. काळी पाठ, तोंड-छाती पांढरी, शेपटीखाली तांबडं. सावली दिसली की अळवात घुसते. पावसाळ्यात मात्र घशात काही तरी अडकल्यासारखी ओरडते, घरघर, खरखर, कुवाक कुवाक, तासन्‌तास. नवरा म्हणतो, कोणाची म्हैस चिखलात रुतली काय बघून ये. तिला मी पक्ष्यांत धरतच नव्हते. मोरीवरच्या पक्ष्याला कोण धरतं?

मग लावणी आली. बांधावर बगळे आले आणि मला वाटलं, बगळा करून बघावा. तोही एकटा, तोही गप्प. दुपारी सगळी पेजेची वाट बघत सावलीत जाऊन बसली तेव्हा मी लुगडं खोचून चिखलात एका पायावर उभी राहिले, हात मागे, मान बाहेर. बरं वाटत होतं. डोळे मिटले. उघडले तेव्हा बांधावर सासूबाई, डोक्यावर पेजेचं मडकं, आणि त्यांच्या मागे पुतणी डोळ्यांनी मला पाय खाली ठेव म्हणून सांगत होती.

"ह्या काय?" सासूबाई म्हणाल्या.

मला वाचवायला म्हणून पुतणीने सगळं सांगून टाकलं. थेरियन, लांडगे, शेपट्या, सगळं. सासूबाईंनी मडकं उतरवून शांतपणे ऐकलं. त्या वाईट नाहीत. माझ्या आजारपणात त्यांनी मला तळहातावर ठेवलं होतं. पण आमच्याकडे माणसाचं काही वेगळं दिसलं की त्याचं एकच असतं. बाहेरून काही तरी आत शिरलं आहे आणि ते काढायचं आहे. आत पहिल्यापासूनच असेल हा विचार कोणाला येत नाही.

"पाखरू लागला तुका," त्या म्हणाल्या. "माझ्या मावशेक पण असाच लागलेला. ती घुमायची. लावणी आटपांदे, देवाक कौल लावया."

कौल म्हणजे देवाचा शब्द. गुरव देवाच्या पाषाणाला पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, डाव्या आणि उजव्या, आणि गाऱ्हाणं घालतो. म्हणजे तुमच्या मनातलं देवाला मोठ्याने सांगतो. प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. उजवी पाकळी आधी पडली की देव हो म्हणाला, डावी पडली की नाही. ह्या देवाचं मी ऐकते. माझ्या लग्नाला त्याने उजवा दिला होता आणि नवरा चांगला निघाला. त्याने पाखरू काढायला हो म्हटलं असतं तर ते गेलं असतं, ह्यात मला शंका नव्हती. मग माझ्या आत काय राहिलं असतं? चूल, गुरं आणि रेशनकार्डावरचं नाव.

सोमवारी देवळात गेलो. श्रावण असल्यामुळे माणसं नेहमीपेक्षा जास्त. मी खांबाआड उभी राहिले. कमरेखाली झटके सुरू झाले होते.

गुरवाने पाकळ्या लावल्या. नवऱ्याला म्हणाला, "पंखो बंद कर रे. वाऱ्यान पाकळी पडली तर देवार नाव येता." नवरा बटणांच्या पाटीपाशी जाऊन उभा राहिला. पंखा गरगर करत थांबला.

"खंयचा पाखरू?" गुरवाने सासूबाईंना विचारलं.

"तिकाच म्हायत नाय."

"आसांदे. जा काय आसात ता म्हणतंय. देवाक कळता." आणि त्याने हात जोडून सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इली आसत म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ह्या घरच्या सुनेच्या आंगात जा काय पाखरू शिरला आसात म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"उडणारा आसात, पवणारा आसात, झाडार बसणारा आसात, ता तिच्या आंगातसून भायर काढ म्हाराजा, आणि ज्या रानातला आसा त्या रानात नेवन सोड म्हाराजा..."

आता सगळे व्हय म्हाराजा म्हणणार आणि पाकळी पडणार. मी तोंड उघडलं.

मला नुसतं "नाय म्हाराजा" म्हणायचं होतं. हळूच, खांबाला ऐकू जाईल एवढंच. पण इतक्या वर्षांचा न वापरलेला आवाज कसा निघतो ते मला माहीत नव्हतं. आधी घशात घरघरलं, मग खरखरलं, आणि मग "नाय! नाय! नाय म्हाराजा!" असं गाभाऱ्यात घुमलं. चिखलात म्हैस रुतावी तसं. एक म्हातारी दचकून समईला धडकली. माझी कंबर जोरात उडाली आणि पाय आपोआप मागच्या दाराकडे वळले.

दोन पावलांवर मी थांबले. हा आवाज मला ओळखीचा होता. सगळा पावसाळा मी तो मोरीमागून ऐकत होते. ही कंबर पण ओळखीची होती, ही पळण्याची तऱ्हाही. पाठीतली घडी एकदम गप्प झाली. नाव घेऊन हाक मारल्यावर पोर गप्प होतं तशी.

मग मागून कोणी तरी म्हणालं, "अरे, ही बोलता!"

"माका वाटला मुकी आसा."

"मुकी खंयची? कान फुटले माझे."

मी पक्षी आहे ह्याचं कोणाला काही नव्हतं. मी बोलते ह्याचं नवल सरत नव्हतं. गुरव चिडला होता. इतक्या वर्षांत त्याच्या गाऱ्हाण्याला कोणी नाय म्हटलं नव्हतं आणि त्याला पुढचं वाक्य येईना. "मगे काय सांगू गो देवाक?" त्याने विचारलं. पाषाणावर पाकळ्या अजून तशाच होत्या.

"रवांदे म्हणान सांगा," मी म्हटलं.

"कोणाक?"

"पाणकोंबीक."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पुतणी ओढणी तोंडात कोंबून थरथरत होती. गुरवाने एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि त्याने गाऱ्हाणं फिरवलं. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेक आपणाक पाणकोंबी म्हणान सांगता म्हाराजा. तर ती पाणकोंबी आसा तशी, आसा थंय, रवांदे काय म्हाराजा? रवांदे तर उजवो दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले, पण जरा उशिरा.

पाकळी पडेना. आम्ही उभे. बाहेर एस्टी आली आणि गेली. म्हातारीने खाली बसून घेतलं. कोणी तरी पुटपुटलं की देवालाही विचार करावा लागतोय. उजवी पाकळी थोडी सुटून लोंबत होती, डावी घट्ट होती, पण डावीवरचं पाणीही वाळत चाललं होतं.

मग डोक्यावर गरगर सुरू झाली. उजवी पाकळी उडाली आणि सरळ गुरवाच्या पायाशी येऊन पडली.

सगळ्यांनी वर पंख्याकडे बघितलं, मग पाटीकडे. नवरा हात मागे बांधून उभा होता आणि फार लक्ष देऊन छपराची कौलं मोजत होता.

"पंखो कोणी लायलो?" गुरवाने विचारलं.

"लाइट गेलेली, ती इली आसतली," नवरा म्हणाला. समोर ट्यूबलाइट सगळा वेळ चालूच होती.

गुरवाने ट्यूबलाइटकडे बघितलं. त्याचंही जेवण राहिलं होतं. त्याने पाकळी उचलली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "वारो पण तेचोच."

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी सगळे एकदम म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.

परतताना रिक्षात मागे आम्ही तिघी. वळणावर सासूबाई माझ्याकडे सरकल्या. मग म्हणाल्या, "पाणकोंबी म्हणजे ती मां, जेचा बूड तांबडा?"

"व्हय."

"देव आयकूक उभो होतो. काय सांगशीत ता देतो होतो. गरुड सांगूचो होतस गो! फुकट होतो."

"गरुडाक मी रिक्षेत घेतलंय नसतंय," पुढून नवरा म्हणाला. "पंखां भायर येतत. पोलीस धरतत."

त्या संध्याकाळी वाडीतल्या बायका मला बघायला आल्या. चपलांचा आवाज ऐकल्याबरोबर मी मागच्या दारी गेले आणि केळीच्या आड लपायला वाकले, तर ती आधीच तिथे होती. आम्ही एकमेकींकडे बघितलं. मला वाटलं होतं आज तरी ओळख देईल. तिने शेपूट उडवली आणि जागा काही सोडली नाही. मी पलीकडच्या केळीमागे गेले.

पडवीतून बायकांचे आवाज येत होते. "खंय गेली ती? आमका तिचो आवाज आयकूचो होतो."

"आसा थंयच, अळवात," सासूबाई म्हणाल्या. "चाय पिवा आणि जावा. पाऊस पडाक लागलो काय तुमच्या घरापर्यंत आयकाक येतलो."